नेत्रपरीक्षेत शाळेचा निकाल शंभर टक्के

श्रीमान व्याहीमहाराज यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार घालावा अशी आपली योग्यता आहे. परंतु एकदा खाली गेलेले हे शरीर पुन्हा वर येईल याची हमी द्यायला कोणी तयार नाही. सबब, कंबरेपर्यंत वाकून केलेला नमस्कार आपण पूर्ण मानून घ्यावा. विहीणबाईंनाही तोच, किंचित अधिक वाकून.

आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला गेला, की पाहुण्यासारखा जातो जातो म्हणत उंबऱ्याशीच गप्पा मारत उभा आहे? आपल्या दोन्ही डोळ्यांवरील शस्त्रक्रिया उत्तम झाल्याचे, आणि तेव्हापासून आपण खिडकीत बसून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी येणाऱ्याजाणाऱ्यास वाचून दाखवता व त्यासही वाचण्याचे आव्हान देता, असे सूनबाईंकडून कळले. आनंद झाला. त्या आनंदात थोडा मत्सर मिसळला असल्यास परमेश्वराने क्षमा करावी. त्याने आजवर माझे याहून मोठे विकार पोटात घातले आहेत. माझे म्हणाल तर प्रकृती ठीक, आहार मित, निद्रा हलकी, स्नानसंध्या यथासांग. डोळ्यांपुढे तेवढे धुके असते. त्यामुळे हे पत्र मी सांगतो आहे आणि आपल्या दोघांची नात ते लिहून घेते आहे. कंसात ‘लेखनिक’ अशी सही करून जे शेरे आढळतील त्यांस मी जबाबदार नाही. तो स्वभाव तिला आपल्या बाजूने आला आहे. (मी फक्त खरं काय ते लिहिते. — लेखनिक)

आता वर्तमान. आपली कन्या, म्हणजे माझी सूनबाई, ज्या शाळेची मुख्याध्यापिका आहे त्या शाळेची तीन देशांनी मिळून चालवलेल्या शालेय आरोग्य योजनेत निवड झाली, हे आपणास ठाऊक आहे. नातीला चष्मा लागला, हे ठाऊक नाही. आणि लागलेला चष्मा ती लावत नाही, हे तर तिच्या आईखेरीज व माझ्याखेरीज कोणासच ठाऊक नाही. तो या क्षणी आम्हा दोघांच्या मधोमध टेबलावर, निळ्या डबीत, अर्भकासारखा झोपलेला आहे. (तो नाकावर टोचतो. — लेखनिक) ही गोष्ट घरापुरती असती तर मी आपणास तसदी दिली नसती. परंतु परदेशी मंडळी सत्र संपता संपता पुन्हा येणार आहेत. दिलेल्या चष्म्यांपैकी किती नाकांवर आहेत आणि किती डब्यांत, ते पाहूनच शाळेत कायमची आरोग्यखोली उभारायची की नाही हे ठरायचे आहे. डोळे, दात, कान यांची दरवर्षी तपासणी, शिकवलेली एक परिचारिका, धुण्याच्या जागेला वाहते पाणी, एवढे सगळे त्या एका खोलीवर लटकते आहे. त्यासाठी आपल्या मुलीने दोन वर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि मुख्याध्यापिकेच्या पोटच्या पोरीचाच चष्मा डबीत निघाला, तर ती बिचारी इतर आईबापांना कोणत्या तोंडाने सांगणार?

हे सारे कसे घडले ते मुळापासून सांगतो. आपणास घाई असल्यास पाणी पिऊन या.

या योजनेत प्रत्येक देशाने आपल्याजवळ जे असेल ते द्यायचे, असा संकेत आहे. एका देशाने भिंगे व नेत्रवैद्य दिले. दुसऱ्याने शिक्षकांना शिकवण्याची पद्धत दिली. तिथल्या शाळांत म्हणे शिक्षकच मुलांची पहिली तपासणी करतात. आम्ही काय द्यायचे, या प्रश्नापाशी आपली कन्या अडली होती. शाळेत भरपूर असे काय आहे म्हणाल तर मुले, धूळ, आणि सकाळचा पहिला तास, म्हणजे माझा. (पाठांतराचा. त्याविषयी आपले मत मला ज्ञात आहे. ‘याने पोपट तयार होतात, माणसं नव्हे,’ असे आपण लग्नाच्या बोलणीतच म्हणाला होता. मी ते विसरलेलो नाही. विसरणे ही माझ्या तासाची परंपराच नव्हे.)

पाहुण्यांच्या आधी त्यांचे एक खोके आले. त्यात गुंडाळी केलेला एक तक्ता होता. तक्त्यावर अक्षर एकही नाही. तीन दात्यांचे एक काळे चिन्ह, कंगव्याचा तुकडा असावा तसे, ओळीओळीने मांडलेले. कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे. पहिल्या ओळीत ते चिन्ह तळहाताएवढे, आणि खाली उतरता उतरता असे बारीक होत जाते की शेवटच्या ओळीत मुंग्यांनी सभा भरवली आहे असे वाटावे. (ही उपमा लेखनिकाची आहे, मला ती ओळ दिसलीच नाही.) तिन्ही देशांच्या लिप्या वेगळ्या, म्हणून सर्वांना चालेल अशी ही दाते दाखवण्याची युक्ती. खोके उघडले त्या दिवशी सूनबाईंना बैठकीस जायचे होते. जाता जाता चप्पल शोधत मला म्हणाल्या, “मामंजी, पुढच्या पंधरवड्यात मुलांची नेत्रपरीक्षा आहे. नवं काही दिसलं की मुलं बावरतात, तर तेवढी या तक्त्याची ओळख करून ठेवाल?”

व्याहीमहाराज, आपण पूल बांधलेत. पुलाचा आराखडा आपल्या हाती देऊन कोणी ‘याची ओळख करून ठेवा’ म्हटले असते तर आपण काय केले असते? पूल बांधला असता. मी उभे आयुष्य मुलांना परीक्षांस बसवले आहे. ‘परीक्षा’ हा शब्द कानी पडला, प्रश्नपत्रिका हाती पडली; तीही एवढी आधी, उघडी, शिक्का न मारता! मी त्या परदेशी मंडळींच्या सरळपणाने भारावून गेलो. मनात म्हटले, काय थोर लोक! मुले नापास होऊ नयेत म्हणून प्रश्न अगोदर कळवतात. आता त्यांच्या विश्वासास उतरणे एवढेच आपल्या हाती.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू केली. तक्ता टेबलावर आडवा पसरला. माझे डोळे खालच्या ओळींना पुरेनात, म्हणून नातीने त्यावर ओणवे होऊन, नाक कागदाला टेकवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, आणि दोनदा वाचताच तिला तो मुखोद्गत झाला. (दीडदा. — लेखनिक) मग वर्ग. वर, उजवे, खाली, डावे, डावे, वर... याला एक अंगचीच लय आहे हो! मी ती थोडी सुधारली, जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडली, स्वर कुठे चढवायचा ते ठरवले. सरळ म्हणून झाल्यावर उलटे. उलटे झाल्यावर दोन-दोनच्या जोड्या पुढेमागे गुंफून, म्हणजे मधले एक पद गळले तरी शेजारची दोन त्याला हात धरून परत आणतात. आमच्या गुरूंनी आम्हाला पवित्र वाङ्मय याच रीतीने दिले, आणि इतक्या पिढ्यांत त्यातली मात्रा हललेली नाही. मग एका तक्त्याची काय कथा? आठवड्याभरात व्हरांडा नुसता दुमदुमू लागला. शाळेचा शिपाई घंटा देता देता तिसरी ओळ गुणगुणे. स्वयंपाकघरातल्या बाई डाव बुडवताना ‘खाली’ आणि काढताना ‘वर’ म्हणत. सूनबाई रोज बैठकांहून थकून येत. त्यांना वाटे, सासऱ्यांनी नवे स्तोत्र घेतले आहे. त्यांनी भक्तिभावाने कधी चौकशी केली नाही, आणि मीही परीक्षेची गुप्तता राखली.

पाहुणे आले. एक नेत्रवैद्य बाई, शांत, बळकट, बाह्या वर दुमडलेल्या. दुसऱ्या देशातल्या एका शाळेचे हेडमास्तर, इतके उंच की दारातून आत येताना ते शाळेला नमस्कार करतात असे वाटे. आणि एक दुभाषी तरुण. माझे स्वागतपर भाषण सुमारे अर्धा तास चालले. आरोग्य हे धर्माचे पहिले साधन कसे, तीन देशांचे मीलन तीन नद्यांच्या संगमासारखे कसे, हे मी शास्त्राधारे मांडले. दुभाष्याने त्याचे एका वाक्यात भाषांतर केले आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य कोणते, हे त्याने मला आजवर सांगितलेले नाही. (तो म्हणाला, “आजोबांना आनंद झाला आहे.” मी विचारलं होतं. — लेखनिक)

तपासणी सुरू झाली. भिंतीवर तक्ता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खडूची रेघ, रेघेवर मूल. बाई पट्टीने एकेका चिन्हावर टेकवत, मूल हाताने दिशा दाखवी. पहिला मुलगा पट्टीच्या पुढे पुढे गेला. दुसरी मुलगी पट्टी उचलण्याआधीच शेवटच्या ओळीला पोचली. एक डोळा झाकून, दुसरा झाकून. एकाने तर उत्साहाच्या भरात दोन्ही झाकले व तरी एक चूक केली नाही. वर्गामागून वर्ग. मी मागे खुर्चीत बसून प्रत्येक ‘वर’ला मान हलवत होतो. बाई आधी हसल्या, मग हेडमास्तरांकडे पाहू लागल्या, मग कागदावर काहीतरी लिहून ते खोडू लागल्या. दुभाष्याने मला कौतुकाने सांगितले, “बाई म्हणताहेत, इतकी तल्लख नजर त्यांनी कुठल्याच देशात पाहिली नाही. इथे चष्म्यांची गरज नाही. खोकी पुढच्या गावी पाठवतो म्हणतात.”

व्याहीमहाराज, त्या क्षणी माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचे एक बटण निघाले. मी सूनबाईंकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असावा, अशी माझी अपेक्षा होती. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दोन वर्षांच्या खेपा एका दुपारी पुसल्या जाताना पाहत होत्या. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारी मुले त्यांनी स्वतः मोजलेली होती. ती सगळी मुले आत्ता त्यांच्यासमोर गरुडाच्या नजरेने मुंग्यांची सभा वाचून दाखवत होती. त्यांना काही उमगेना. आणि मला, खरे सांगतो, त्यांचे न उमगणे उमगेना.

शेवटी आली आपली नात. माझी सर्वांत तयार विद्यार्थिनी म्हणून मीच तिला शेवटी ठेवली होती. मैफलीत मोठा गवई शेवटी बसवतात तशी. ती रेघेवर उभी राहिली, हात जोडले, आणि सुरू झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि खिळ्यावरून तक्ता निसटून खाली पडला. भिंत कोरी. बाई खाली वाकल्या. हेडमास्तर वाकले. आणि आपली नात त्या कोऱ्या भिंतीकडे स्थिर नजरेने पाहत तिसरी, चौथी, पाचवी, शेवटची ओळ पूर्ण करून, श्वास न तोडता, उलट दिशेने परत वर आली.

मग नेत्रवैद्य बाई उठल्या, भिंतीपाशीच उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर करून काही बोटे दाखवली. दुभाष्याने विचारले, “किती बोटं आहेत?”

आपल्या नातीने अत्यंत विनयाने उत्तर दिले, “बोटं पाठ दिली नव्हती.”

(खरंच दिली नव्हती. — लेखनिक)

त्यानंतर जे झाले ते तीन वाक्यांत आटोपतो, कारण त्यात माझे कर्तृत्व कमी आहे. सूनबाई एकदम खाली बसल्या व पदराने तोंड झाकून हसू लागल्या, आणि हसता हसता त्याचे रडणे कधी झाले ते कोणास कळले नाही. दुभाषी पाहुण्यांना समजावू लागला तर त्याच्याजवळ शब्दच नव्हता. शेवटी त्याने मला पुढे उभे केले, आणि मी तो तक्ता त्यांना स्वतः म्हणून दाखवला, सरळ, उलटा आणि जोड्यांनी.

पुनर्परीक्षा लगेच घेण्यात आली. बाईंनी तक्ता उलटा टांगला. आपण अभियंते आहात म्हणून मुद्दाम सांगतो: माझ्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांनी क्षणभर डोळे मिटले, ‘वर’चे ‘खाली’ आणि ‘उजव्या’चे ‘डावे’ मनातल्या मनात केले, शेवटच्या ओळीपासून उलट निघाले, आणि पुन्हा बरोबर! याला आपण पोपट म्हणता? पोपटाला तक्ता उलटा टांगून पाहा. अखेर बाईंनी तक्ता गुंडाळून ठेवला, एकच चिन्ह काढलेला पुठ्ठा हातात धरला आणि तो पाठीमागे नेऊन मनाला येईल तसा फिरवून दाखवू लागल्या. त्यापुढे परंपरा हतबल झाली. एकामागून एक मुले रेघेवर थबकू लागली, डोळे बारीक करू लागली, अंदाजे हात हलवू लागली. सूनबाईंचा हिशेब खरा होता. किंबहुना त्यांनी कमीच धरले होते. खोकी गाडीतून परत उतरली.

आणि आपली नात? तिला त्या रेघेवरून पुठ्ठाही नीट दिसत नव्हता, पुठ्ठ्यावरचे दाते तर दूरच. व्याहीमहाराज, ही मुलगी पहिलीपासून माझ्या तासाला अग्रभागी. एकदा ऐकले की पक्के. फळ्यावर मी लिहितो तोवर तिचे म्हणून होई. मी चारचौघांत सांगत असे, हिचा कान म्हणजे माझ्या घराण्याचा कान. तिला फळा कधी दिसलेलाच नव्हता, म्हणून तिने सगळे कानांनी गोळा केले होते. मी रोज तिच्यासमोर बसून वाहवा करत होतो, आणि तिला माझा चेहरा एका फिकट वाटोळ्यापलीकडे कधी दिसला नव्हता. (आवाजावरून कळायचं ना पण. — लेखनिक)

असो. सभा भरली तेव्हा आमच्या देशाने काय द्यायचे हा प्रश्न पुन्हा निघाला, आणि आता माझ्या बोलण्याकडे नीट लक्ष द्या. ते उंच हेडमास्तर उठले व म्हणाले, की आमच्या शाळेत हात कसे धुवावे, दात कसे घासावे, डोळा दुखला तर काय करू नये, याची सुंदर रंगीत चित्रे भिंतीभर लावलेली आहेत. मुले ती रोज पाहतात आणि रोज विसरतात. इथे मात्र ज्याचा कोणाला काही उपयोग नाही असा एक तक्ता साऱ्या शाळेला झोपेतही पाठ आहे. (दुभाष्याने ‘ज्याचा उपयोग नाही’ हे शब्द गाळायला हवे होते.) तेव्हा या वृद्ध गृहस्थांनी आम्हाला चित्रे नकोत, चाल द्यावी.

मी दिली. हात, दात, डोळे आणि पाणी यांवर चार लहान कडवी रचली. उपमा एकही नाही, क्रियापदे सगळी. सूनबाईंनी तपासून त्यांतली तीन पुरेशी आहेत असे सांगितले. मी चौथे अद्याप मनात जपून आहे. गेल्या आठवड्यात त्या हेडमास्तरांकडून ध्वनिमुद्रण आले. परदेशातला कोणता तरी वर्ग, बाके सरकल्याचे आवाज, कोणी तरी खोकते आहे, आणि मग शंभर पोरे एका सुरात, त्यांच्या भाषेत, माझ्या चालीत! एक अक्षर कळले नाही. पण श्वास कुठे घेतात ते ऐकले. मी जिथे ठरवला होता तिथेच घेतात. सूनबाईंनी ते मला दोनदा लावून दाखवले. तिसऱ्यांदा मीच नको म्हटले. ज्या सुनेला मी ‘घरचे पाहून मग शाळेचे पाहावे’ असे सांगत असे, तिने घरबसल्या माझा तास समुद्रापार नेला. आपली कन्या, व्याहीमहाराज. मी तिच्याविषयी आपल्याजवळ एवढे चांगले बोललो याची तिला वार्ता नसावी; डोक्यात जाते. (आई आत्ताच मागून वाचून गेली. — लेखनिक)

एक गोष्ट सांगायची राहिली. निघण्यापूर्वी नेत्रवैद्य बाईंनी मलाही रेघेवर उभे केले. मी तक्ता म्हणू लागलो. बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला, माझ्या डोळ्यांत दिवा टाकला आणि दुभाष्याला काही सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पूर्ण पिकलेला. शस्त्रक्रिया इथल्याच रुग्णालयात, योजनेतल्या डॉक्टरांच्या हातून व्हायची आहे. मी म्हणालो, पाहू. तेव्हापासून आपल्या नातीने एक अट घातली आहे, आणि घरादाराचे तीवर अडले आहे: आजोबा डोळा करून घेतील त्या दिवशी मी चष्मा लावीन, आधी नाही. मी तिला समजावले, की माझी गोष्ट निराळी. या वयात बाहेरचे दिसणे कमी व्हावे आणि आतले वाढावे, हीच निसर्गाची योजना. शास्त्रात याला आधार आहे. शिवाय काळ अनुकूल नाही, हवा दमट आहे, रुग्णालयाचे दार दक्षिणेला आहे. (ते पूर्वेला आहे. आजोबांना दिसलं नाही. — लेखनिक) असा हा पेच आहे. ती माझ्याकडे पाहते आहे, मी डबीकडे पाहतो आहे, आणि दोघांनाही काही धड दिसत नाही.

लोभ आहे तो तसाच राहू द्यावा. वाढवल्यास हरकत घेणार नाही.

आपला, मान ताठ ठेवून असलेला,
व्याही

ता. क. आपल्या बैठकीतला पोपटाचा पिंजरा, मी आलो की मुद्दाम माझ्या खुर्चीमागे टांगण्यात येतो, हे माझ्या ध्यानात आले आहे. त्याला तिसरे कडवे शिकवावे. एका महिन्यात न आल्यास माझा सिद्धान्त सिद्ध झाला असे समजेन.

दुसरा ता. क. हे वर्तमान आपण खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यास सांगाल, तेव्हा ध्वनिमुद्रणापासून आरंभ करावा. तक्त्याचा भाग वेळ उरल्यास.

तिसरा ता. क. लेखनिक पाणी प्यायला गेली आहे. हे मी माझ्या हाताने लिहितो. कागद पुरेल तेवढे.

तिने आईला खरे कारण सांगितले. नाक टोचत नाही. तिला वाटते, दिसू लागले की पाठ राहणार नाही. आणि पाठ राहिले नाही तर आजोबांजवळ आपले काय उरेल.

तिला कसे सांगू, मला माझा विद्यार्थी नको, नात हवी. मला असे बोलता येत नाही. आपल्याला येते.

दुसरे. मला भीती वाटते. रोज सकाळी पोथी पुढे घेऊन बसतो ती पाठ आहे म्हणून. परवा सूनबाईंनी येऊन ती हळूच सरळ केली. डोळा बिघडला तर हे धुकेही जाईल. सुई डोळ्यात जाताना आपल्याला काय वाटले? खरे सांगा. नका सांगू. या. नातीला भेटायला आलो म्हणा. बाहेर बाकावर बसा. मोठ्याने काही तरी बोलत राहा, मला आत ऐकू येईल असे. वाद घाला. पोपटावर घाला.

(शेवटचा ता. क. आबा, आजोबांनी एकेक अक्षर बशीएवढं काढलंय. कागद टेबलभर पसरले होते, मी पाणी पिऊन आले आणि दारातूनच सगळं वाचलं. तुम्ही लवकर या. तारीख मी रुग्णालयात विचारून पाकिटावर लिहिली आहे. आजोबांना अजून सांगितलेली नाही. पत्ता लिहायला चष्मा लागत नाही, पण लावला आहे. आजोबा खोलीच्या पलीकडच्या टोकाला डोळे मिटून जप करताहेत. ओठ हलताहेत, पण माळेचा मणी पुढे सरकत नाही. इथून अगदी स्पष्ट दिसतंय. — लेखनिक)